एकशे अठरा

चिठ्ठ्या टाकल्या होत्या, वशिला नव्हता,
तरी माझ्या वाट्याला माझाच नवरा आला.
एर्मेसची गाडी: हातभर लांब, पिवळी,
कपाळावर सात.
मी खुर्ची ओढली, पेन्सिलीला टोक केलं.

गुआस्ताल्ला, शहात्तरचा ऑक्टोबर.
रविवार म्हणून सुपरमार्केट बंद,
त्याच्या आवारात जुने टायर आणि बागेचे पाइप टाकून
आखलेली वाट. पो नदीवरून आलेलं धुकं
अकरापर्यंत हललं नाही. मग हललं,
इंजिनं पेटली,
आणि जळक्या एरंडेलाचा वास
माझ्या केसांत बसला तो थेट बुधवारपर्यंत.

कुणाच्या रेडिओची कुठली लहर, ते तेव्हा
चिमट्यावरून कळायचं.
चिमटे माझ्याच कपड्यांच्या दोरीवरचे, रंगवलेले.
निळा चिमटा ज्याच्या खिशाला, निळी लहर त्याची,
दुसऱ्यानं बटण दाबायचं नाही.
पण हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्याला हे कोण सांगणार?
तो वायरलेसवर कुणाला तरी विचारत होता,
आज जेवायला काय,
आणि आमच्या दंतवैद्याची गाडी
वळण सोडून सरळ कुंपणात.

अर्ध्या तासाची अंतिम शर्यत.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, पालकाची जुडी बांधावी तशी.
शेजारी नोटरीची बहीण
पार्माच्या लेआर्को बोत्सीच्या जुड्या बांधत होती,
गालात लवंगेची गोळी, डोळा गाडीवर.
शेवटी माझ्या कागदावर तेवीस जुड्या, तीन काड्या.
तिच्याही तेवीस जुड्या, तीन काड्या,
आणि निशाण पडलं तेव्हा लेआर्को चार मीटर पुढे.

"एकशे एकोणीस," एर्मेस म्हणाला.
"एकशे अठरा," मी म्हणाले.
आवार गप्प.
मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि ती माझ्यासाठी.
बाई असावी तर अशी. सख्ख्या नवऱ्यालाही सूट नाही.

त्या एका आकड्यावर मी वीस वर्षं मिरवले.
मोदेना, बोल्झानो, एकदा तर सीमेपलीकडे लुगानो.
मोठी शर्यत असली की निरोप यायचा, इओलेला आणा,
तिची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची.
एर्मेस माझी खुर्ची गाडीत टाकायचा
आणि वाटेत एकदा तरी म्हणायचा, एकोणीस.
भांडण नव्हे. मीठ इकडे दे म्हणावं, तसं.

पुढे डांबराखाली तार पुरली.
गाडीच्या पोटात काडेपेटीएवढी डबी,
तारेवरून गेली की आकडा आपोआप पडद्यावर,
सेकंदाच्या हजाराव्या भागासकट.
माझी खुर्ची घरी राहिली. लहरीही आता
आपापसांत जागा वाटून घेतात म्हणे,
चिमटे पुन्हा दोरीवर, एखाद्याचा निळा अजून सुटलेला नाही.
नात नोएमी पळवते ती गाडी विजेची,
नुसती सूं करत जाते, वास कसलाच नाही.
तिला कुणी विचारत नाही, किती झाल्या.

खरं सांगू?
बासष्टावी असेल, नाहीतर त्रेसष्टावी.
गाडी माझ्यासमोरून गेली असेलही.
मी वर बघत होते. मचाणावर
एर्मेस दोन्ही हातांत तो डबा धरून
डाव्या वळणाला स्वतःच डावीकडे कलला होता,
एक पाय अधांतरी, जीभ दातांत,
जणू आपण वाकलो नाही तर गाडी वळायचीच नाही.
लग्नाला नऊ वर्षं झालेली.
असा मी त्याला पाहिला नव्हता.
पेन्सिल हातात होती, एवढं आठवतं.

आत्ता तो नातीच्या चाकांना टायर चिकटवत बसलाय,
मोतीबिंदूचा डोळा मिटून, चांगला डोळा गोंदाजवळ नेऊन.
"एकोणीस," मध्येच म्हणतो.
"अठरा," मी म्हणते,
आणि चिंधी पुढे करते,
बोटाला बोट चिकटायच्या आत.